वरून तांब्याभर ताक

खांदशेकणीच्या दिवशी सकाळपासून गोजरबाई ओट्यावर बसून होत्या. पदराखाली तुपाची वाटी, कनवटीला हळदीची पुडी, शेजारी पळसाची पानं, आणि वाटेत घसा कोरडा पडला तर म्हणून तांब्याभर ताक. सगळी तयारी झाली होती. फक्त जायचं कशानं एवढंच ठरत नव्हतं, आणि अंगणात उभ्या असलेल्या पिकपकडे त्या काही केल्या पाहत नव्हत्या. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. पिकपनं सगळं अंगण अडवून टाकलं होतं. तुळशीकडे पाहावं तर मध्ये तिचं नाक यायचं, गोठ्याकडे पाहावं तर तिची शेपूट.

गोठ्याकडे तर त्यांना मुळीच पाहायचं नव्हतं. तिथली गव्हाण सहा महिने रिकामी होती.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. धामणगाव बढ्याचे पुंजाजी वांगी, मिरच्या, कोथिंबीर पिकवायचे आणि बैलगाडीनं मलकापूरच्या बाजारात न्यायचे. मोगऱ्या आणि पाखऱ्या ही त्यांची जोडी. मागच्या पावसाळ्यात मोगऱ्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो गेला. पाखऱ्या एकटा उरला. पाखऱ्याचं डावं शिंग पहिल्यापासून वाकडं, थेट डोळ्यावर आलेलं. त्यामुळे त्यानं कुणाकडेही पाहिलं की तिरपा पाहतोय असं वाटायचं. गोजरबाईंनी त्याला गोऱ्हा असल्यापासून हातानं चारा घातला होता. पुढे त्या भावाकडे देऊळगाव राजाला माहेरपणाला गेल्या आणि परत येऊन पाहतात तो गव्हाण रिकामी, आणि अंगणात लढाईच्या काळातली, तेल गाळत उभी असलेली ही पिकप. पुंजाजींनी ती बुलढाण्याच्या लिलावात घेतली होती आणि पाखऱ्याला रोहिणखेडला, लेकीच्या सासरी देऊन टाकलं होतं. तिथे व्याह्यांचाही एक बैल एकटाच होता, काम हलकं होतं, चारा भरपूर होता. सगळं शहाणपणाचं होतं. फक्त बायकोला विचारलं नव्हतं.

गोजरबाई त्या दिवशी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गव्हाणीपाशी बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आता त्याचं नाव माह्यासमोर काढू नका. अन् या डबड्यात मी मरेपर्यंत बसत नाई."

पुंजाजींनी खरोखरच पाखऱ्याचं नाव काढलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, सहा महिन्यांत एकदाही नाही. आणि गोजरबाईंच्या मनात नेमकं तेच सलत होतं. तान्हा गोऱ्हा असल्यापासून घरात वाढलेलं जनावर, आणि या माणसाच्या तोंडातून एक शब्द नाही! माणूस आहे की मैलाचा दगड? रात्रंदिवस त्या डबड्याच्या मागे. कधी ते पुसायचं, कधी त्याच्याखाली झोपायचं. डाव्या दारावर तर त्यांनी विटकरी रंगाचा असा काही ओबडधोबड थर फासला होता, की गोजरबाईंनी न राहवून विचारलं होतं, "डबड्याले खरूज झाली काय?"

"गंज चढला होता," पुंजाजी म्हणाले होते, आणि घाईघाईनं मळ्यात निघून गेले होते.

आणि आता चार दिवसांपूर्वी लेकीचा, कोकिळेचा, एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला: पाखऱ्यानं चारा कमी केला, सारखा वेशीकडं पाहते, माय, खांदशेकणीले येऊन जा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्यांना तूप-हळद लावायची, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले ते खांदे पळसाच्या पानानं शेकायचे, आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. ते पाखऱ्याला दरवर्षी गोजरबाईंच्या हातूनच मिळालं होतं. पाखऱ्या आता म्हातारा झाला होता. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं! दिवेलागणीच्या आत रोहिणखेडला पोचायचं, एवढं त्यांनी मनाशी धरलं होतं.

सकाळची एसटी आली, पण पोळ्याला घरी निघालेल्या माणसांनी ती इतकी भरली होती की ड्रायव्हरनं धामणगावला नुसतं हॉर्न वाजवून रामराम केला. बैलगाडीचं तर नावच काढायला नको. खांदशेकणीला बैल जुंपतो कोण? दुपार कलू लागली तेव्हा पुंजाजी हळूच ओट्यापाशी आले.

"कोकिळेची माय, दुसरा इलाज नाई आता. चाल, बस गाडीत."

गोजरबाईंनी बराच वेळ पळसाची पानं मोजल्यासारखी केली.

"मी मागं हौदात बसीन," त्या म्हणाल्या.

"हौदात वांगे बसतात. उद्या तिकूनच मलकापूरले न्याचे हायेत."

"मंग वांग्यांसंगं बसीन. वांग्यांनी मले न इचारता कोनाले देऊन नाई टाकलं."

पुंजाजींना बहुतेक गोष्टींवर काही सुचायचं नाही. मनात खूप असायचं, पण ते तोंडापर्यंत येता येता रस्ता चुकायचं. ते मुकाट्यानं गाडीकडे वळले आणि तिथे नवीनच अडचण निघाली. टाकीत पेट्रोल तळाला लागलं होतं. मोताळ्याच्या पंपावर चार दिवस टँकर आला नव्हता. घरात एका डब्यात जेमतेम पाऊण वाटेचं पेट्रोल शिल्लक होतं.

अशा वेळी इंद्रभान हजर नसता तर नवल. इंद्रभान हा गावचा मेकॅनिक. तो नगरकडच्या एका साखर कारखान्यावर काही वर्षं काढून आला होता आणि त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं.

"काका, कारखान्यावर असताना आमी काय करो मालूम हाये? मळीचं स्पिरिट निंघे ना, थे पेट्रोलात मिसळो. चारात एक. सायबाची जीप अशी पळे का कुत्रं भुकाले तोंड उघडे, तवर गाव मागं पडे."

"स्पिरिट आनू कोठून बे? दारूबंदी हाये."

"अर्जुन सुताराकडं हाये ना, पॉलिशचं. त्याले परवानगी हाये. दोन बाटल्या देते तो."

अर्जुन सुतारानं दोन बाटल्या दिल्या. निळसर, पाण्यासारखं पातळ. पण बूच काढलं की नाकातले केस उभे राहायचे. इंद्रभाननं दीड बाटली डब्यातल्या पेट्रोलमध्ये ओतली, काठीनं ढवळली, आणि ते मिश्रण टाकीत रिकामं केलं. अर्धी बाटली वाटेसाठी ठेवली. वास ओट्यापर्यंत आला. गोजरबाईंनी नाकाला पदर लावला.

"हे काय पाजून राह्यले रे इंद्रभान?"

"स्पिरिट, काकू. दारूचीच मोठी बहीन समजा."

"आता वं माय! गाडीले दारू?"

"जोर येते तिले. चढ कशी चढते पाहा फक्त."

त्यानं हँडल मारलं. पिकप खोकली, शिंकली आणि एकदम अशी धडधडायला लागली, की तुळशीवरची चिमणी उडाली. इंद्रभाननं विजयी मुद्रेनं इंजिन बंद केलं आणि दोघं वांग्याच्या टोपल्या आणायला मळ्यात गेले.

अंगणात गोजरबाई आणि पिकप दोघीच उरल्या.

आता सहा महिन्यांत पहिल्यांदा गोजरबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. इंजिन गरम झालं होतं आणि आत कुठेतरी टिक्... टिक्... असा आवाज येत होता. पोटात आग पडलेलं जनावर दात खातं, तसा. गोजरबाईंचा जीव चुळबुळू लागला. बैल थकला, हिवाळ्यात गारठला, की त्याला मोहाची थोडी पाजतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतः पाजली होती. पण त्याचा एक नेम असतो. मोहाची उष्ण पडते. ती पोटात गेली की घटकाभरानं वरून तांब्याभर ताक पाजायचं, म्हणजे आतडं जळत नाही. आणि ही तर मोहाची मोठी बहीण! या दोघा शहाण्यांनी दीड बाटली ओतली आणि पाठ फिरवून वांगी आणायला गेले. ताकाचं कुणाच्या ध्यानात तरी आलं का?

"मेल्यांनो," गोजरबाई पुटपुटल्या.

डबड्याबद्दल त्यांना माया नव्हती. हे त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं. पण दाराशी उभ्या असलेल्या, आणि आपल्यालाच घेऊन जाणाऱ्या कुणाचं पोट जळत असताना आपल्या हातात ताकाचा तांब्या असावा आणि आपण स्वस्थ बसावं, हे त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. त्या उठल्या. डाव्या दाराच्या मागच्या बाजूला टाकीचं तोंड होतं. इंद्रभान ओतताना त्यांनी पाहिलंच होतं. झाकण फिरवलं, आणि सगळं ताक हळूहळू, ठसका लागू नये अशा बेतानं, आत सोडलं.

"पे माय," त्या म्हणाल्या. "थंड वाटंन."

मग पदरानं टाकीचं तोंड पुसलं, झाकण लावलं, आणि कुणी पाहिलं तर नाही ना हे पाहून रिकामा तांब्या घेऊन पुन्हा ओट्यावर येऊन बसल्या.

पिकप निघाली तेव्हा खरोखरच छान पळाली. नळीत आधीचं चांगलं पेट्रोल होतं, ते संपेपर्यंत तिला काहीच कळायचं नव्हतं. पुढे पुंजाजी आणि इंद्रभान, मागे हौदात वांग्यांच्या टोपल्यांमध्ये, ड्रायव्हरकडे पाठ करून गोजरबाई. वारा लागत होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी डोलत होती, आणि कबूल करायची इच्छा नसली तरी गोजरबाईंना बरं वाटत होतं. ताकानं गुण आला म्हणायचा!

अर्ध्या वाटेवर नाला लागला. नाल्यानंतर चढ. चढाच्या मध्यावर पिकपला उचकी लागली. मग दुसरी. मग तिनं लांबलचक सुस्कारा टाकला आणि थांबली.

इंद्रभाननं हँडल मारलं. पुंजाजींनी मारलं. पुन्हा इंद्रभाननं मारलं. गाडीत हूं नाही की चूं नाही.

तेवढ्यात नाल्यावरून बैल धुऊन आणणारे उत्तमराव मागून आले. ओळखीचे होते, शेजारच्याच गावचे. त्यांची पांढरीशुभ्र जोडी पाहून पुंजाजींना धीर आला.

"उत्तमराव, जरा जोडी लावता का? चढ पार करून द्या फक्त."

उत्तमरावांनी असं पाहिलं, जणू कुणी देवळात चपला घालून आलं होतं.

"आज? खांदशेकणीले? आज यायच्या खांद्यावर जू ठिवलं, त घरची मले जुंपीन गाडीले!" मग त्यांनी हवेत दोनदा नाक फिरवलं. "पुंजाजी, काय हो, गाडी पेऊन पडली काय?"

"नाई हो, इंजिनात कचरा आला असंन."

"कचऱ्याले असा वास?" असं म्हणत उत्तमराव हसत हसत निघून गेले. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब गेला. सूर्य ज्वारीच्या माथ्यावर टेकायला आला होता. गोजरबाईंनी वाटीतलं तूप बोटानं चाचपून पाहिलं. पाखऱ्या आता वेशीकडे तोंड करून उभा असेल.

इंद्रभाननं बॉनेट उघडलं. पेट्रोल जिथून गाळून इंजिनात जातं तिथे काचेची एक लहान वाटी असते. ती त्यानं काढून उजेडात धरली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका! पेट्रोल नासलं!"

"पेट्रोल कसं नासंन बे? थे काय दूध हाये?"

"आता डोयानं पाहा ना तुमी!"

वाटीत पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. इंद्रभाननं डोक्यावरची टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. कारखान्यावर असं कधी झालं नव्हतं. पण तिकडची हवा कोरडी. "समजलं!" तो म्हणाला. "श्रावनातली हवा हाये ना काका, दमट. स्पिरिट गरम, पेट्रोल गरम. दोघाईचं जमलं नाई. फाटलं."

हौदात गोजरबाई पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. मांडीवर रिकामा तांब्या. तो कुठे लपवावा हे त्यांना कळेना. वांग्यांत लपवावा तर वांगी लहान. आपण पाखऱ्याकडे जाण्याची एकुलती एक वाट आपल्याच हातानं बंद केली, हे त्यांना आता पुरतं समजलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, आणि वर त्या पाण्याचाही राग आला.

पुंजाजींनी वाटीतली एक गुठळी चिमटीत घेतली. नाकाशी नेली. तीस वर्षं ज्या हातचं ताक रोज प्यायलं, त्याचा आंबूस वास स्पिरिटच्या सात बापांनाही झाकता आला नसता. पुंजाजींनी मान वळवली. हौदातल्या तांब्याकडे पाहिलं. मग तांब्याच्या मालकिणीकडे पाहिलं.

गोजरबाईंनी हनुवटी वर केली. आता हे ओरडणार. ओरडू देत. मग आपणही सहा महिन्यांचं साचलेलं सगळं या चढावर मोकळं करायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिलं वाक्य तर त्यांच्या ओठावर तयारच होतं.

"हाव बे इंद्रभान," पुंजाजी शांतपणे म्हणाले, "नासलंच हे. हवाच दमट हाये. तुहाही दोस नाई, कोनाचाच नाई."

गोजरबाईंचं तयार वाक्य ओठावरच विरून गेलं. भांडणाला त्या तयार होत्या. याला तयार नव्हत्या.

मग इंद्रभाननं टाकी खालून मोकळी करून सगळं डब्यात काढलं. डबा थोडा वेळ स्थिर ठेवला तेव्हा पांढरं तळाला बसलं आणि वर पेट्रोल उभं राहिलं. ते त्यानं अलगद निथळून घेतलं. मग उरलेल्या अर्ध्या बाटलीतलं स्पिरिट घेऊन तो नळ्या, काचेची वाटी, सगळं धुवायला बसला. काढलेल्या गुठळ्या त्यानं झटकल्या त्या थेट डाव्या दारावर उडाल्या.

"मी पुसते," गोजरबाई हौदातून उतरल्या. हातून एवढं झालं होतं, निदान काहीतरी पुसायला मिळालं तर बरं, असं त्यांना झालं होतं. इंद्रभाननं स्पिरिटमध्ये भिजवलेलं एक फडकं त्यांच्याकडे फेकलं.

त्यांनी दार पुसलं. गुठळ्या गेल्या, पण फडकं विटकरी झालं. गोजरबाई दचकल्या. दारावर पुसलं तिथला रंगच निघाला होता! ताक ते ताक, आता दारही गेलं. आजूबाजूचं सारखं करून घ्यावं म्हणून त्यांनी जरा पुढे पुसलं, तर तिथलाही रंग निघाला. त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, पाठीमागे हात नेऊन हळूच चोळत राहिल्या. पातळालाही विटकरी डाग पडला. शेवटी सगळी लपवाछपवी सोडून त्यांनी वळून पाहिलं.

विटकरी थराखालून एक शिंग बाहेर आलं होतं. काळं, पक्क्या रंगात काढलेलं. वाकडं, डोळ्यावर आलेलं डावं शिंग.

गोजरबाईंचा हात थांबला. मग तो आपोआप चालू लागला, आता हळू. शिंगाखाली डोळा आला, तिरपा पाहणारा. मग कपाळ, मग कान, मग गळ्यातली घुंगरमाळ. आपण पाखऱ्याला धुतो तसं पुसतोय, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"अवं, राहू दे थे दार..." पुंजाजी पलीकडून धावत आले, आणि पाहून जागच्या जागी थांबले. आता काही राहू देण्यासारखं उरलंच नव्हतं.

"हे कोनं काढलं?" गोजरबाईंनी विचारलं.

"मलकापूरच्या पेंटरनं."

"त्याले शिंगाचं कसं मालूम?"

"मी उभा होतो ना बाजूले. आधी त्यानं सरळच काढलं होतं. दोन डाव पुसाले लावलं." पुंजाजी रस्त्याकडे पाहत म्हणाले. "गाडी घेतली तवाच काढून आनलं होतं. म्हनलं, बैल त घरात नाई राह्यला, पन तू बाजूले बसशीन, त तुह्या दारावर त असंन तो. अन् मळ्यातून घरी येऊन पाह्यतो त तू गव्हानीपाशी बसेल; दार भिताडाकडं होतं, तुले दिसलंच नाई. म्हने, त्याचं नाव माह्यासमोर काढू नका. आता नाव नाई काढाचं, त चित्र कसं ठिवू? तसाच अर्जुन सुताराकडं गेलो. त्याच्याकून चपडीचं, लाखेचं पॉलिश आनलं, इटकरीचा भुगा कालवला, अन् फासून टाकलं."

"चपडी स्पिरिटात इरघळते, काका," इंद्रभान बॉनेटखालून म्हणाला. "कारखान्यावर असताना..."

"तू नळी धु बे," पुंजाजी म्हणाले.

गोजरबाईंनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "सहा महिने झाले. तुमी एक डाव त्याचं नाव तोंडातून नाई काढलं. मले वाटे, याइले काहीच वाटत नाई."

"तूच त म्हने ना, काढू नका."

"म्हनून काय मानसानं इतकं आयकाव लागते?" असं म्हणून गोजरबाई रडू लागल्या आणि रडता रडता हसल्या. पुंजाजींनी खिशातून रुमाल काढून दिला. त्यालाही पेट्रोलचा वास होता, पण तो त्यांनी घेतला.

निथळलेलं पेट्रोल टाकीत गेलं, हँडल फिरलं, आणि चार खोकल्यांनंतर पिकप जागी झाली. रोहिणखेडची जुनी मशीद दिसू लागली तेव्हा उजेड बराच खाली आला होता. व्याह्यांच्या, वामनरावांच्या, अंगणात कोकिळा दिव्याची वात सारखी करत होती. मायला पिकपमधून उतरताना पाहून तिच्या हातून वातच निसटली.

"माय! तू गाडीत?"

"मंग बोलते. तो कोठं हाये?"

पाखऱ्या गोठ्याच्या दाराशीच होता, वेशीकडे तोंड करून. वाळला होता. गोजरबाईंचा वास येताच त्यानं नाक फुरफुरवलं आणि तो तिरपा डोळा त्यांच्यावर लावून असा काही पाहत राहिला, जणू विचारत होता, इतका उशीर? त्यांनी त्याच्या खांद्याच्या घट्ट्यांना तूप-हळद चोळली, पळसाच्या पानानं शेकलं, आणि कानाशी तोंड नेऊन दरवर्षीचे शब्द म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग हिरव्या चाऱ्याची पेंढी पुढे केली. पाखऱ्यानं एक घास घेतला. मग दुसरा. कोकिळा डोळे पुसत म्हणाली, "चार दिवसांत पहिल्यांदा पेंढी खाऊन राह्यला तो."

एवढ्या वेळात पुंजाजी कुठे दिसले नव्हते. गोजरबाई बाहेर आल्या तर ते अंधारात पिकपच्या फुटबोर्डवर एकटेच बसले होते.

"आत नाई येत?"

"तू भेटली ना? झालं मंग."

"तुमी काऊन नाई?"

पुंजाजी जमिनीकडे पाहत म्हणाले, "मी त्याले इथं बांधून गेलो, तवा वळून नाई पाह्यलं त्याच्याकडं. आता कोन्या तोंडानं जाऊ?"

गोजरबाईंनी त्यांचा हात धरला. व्याह्यांच्या दारात, दिवा लागलेला असताना, लोकांची येजा असताना धरला, आणि त्यांना उठवून गोठ्यात नेलं. पाखऱ्यानं चारा खाता खाता मान वर केली, पुंजाजींचा हात हुंगला आणि मग त्यांच्या बाहीचं टोक चावत उभा राहिला. "पाखऱ्या," पुंजाजी म्हणाले. सहा महिन्यांनी काढलेलं नाव होतं, पहिल्यांदा नीट निघालं नाही म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, "पाखऱ्या."

वाटीत थोडं तूप उरलं होतं. गोजरबाई ते घेऊन पुन्हा अंगणात आल्या आणि पिकपसमोर उभ्या राहिल्या. कुठे लावावं याचा त्यांनी क्षणभर विचार केला. शेवटी समोरच्या दोन्ही मडगार्डांवर, जिथे खांदे असावेत तिथे, हळद-तूप चोळलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," त्या म्हणाल्या.

"अवं!" मागून पुंजाजी ओरडले. "उद्या मलकापूरचा बाजार हाये! वांगे भरून ठिवले!"

"आवतन घेतलेल्याले पोळ्याच्या दिवशी जुंपत नाईत," गोजरबाई म्हणाल्या. "तुमच्या मायनं शिकवलं नाई काय?"

पुंजाजींनी वांग्यांकडे पाहिलं. मडगार्डावरच्या हळदीकडे पाहिलं. दारावरून पाखऱ्या त्यांच्याकडे तिरपा पाहत होता. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि बायकोच्या हातावर ठेवली. पोळ्याला वामनरावांच्या आळीत घरोघरी पुरणपोळीबरोबर वांग्याची भाजी झाली, आणि इंद्रभाननं ती खात खात सगळ्यांना श्रावणात पेट्रोल कसं नासतं ते समजावून सांगितलं. ऐकणारे माना डोलवत होते. पुंजाजीही डोलवत होते. पुरणपोळीचा एक नैवेद्य गोजरबाईंनी बॉनेटवर ठेवला. पुंजाजींनी सुतळी आणून टाकीचं झाकण घट्ट बांधून टाकलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायची वेळ झाली. मोताळ्याला टँकर आला होता; तिथून डबाभर पेट्रोल आणून देऊन इंद्रभान एसटीनं पुढे गेला होता. हौद रिकामा होता. पुंजाजींनी मागची फळी खाली करून गोजरबाईंना चढायला हात दिला, तर त्या तिथे नव्हत्या. त्या डाव्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी चित्रातल्या पाखऱ्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवला, दार उघडलं आणि पुढे बसल्या. पदर सावरला. समोर पाहू लागल्या.

पुंजाजींना काहीतरी बोलायचं होतं. नेहमीप्रमाणे ते रस्त्यात कुठेतरी अडकलं. म्हणून त्यांनी मुकाट्यानं हँडल मारलं, आणि काय आश्चर्य, पिकप ना खोकली, ना शिंकली. पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली. ते येऊन शेजारी बसले. गोजरबाईंनी दाराबाहेर हात काढून तो चित्रावर ठेवला होता.

"पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "ताकानं कसं पोट साफ झालं तिचं."